अबू बिशीरचा पत्ता

१७९८ च्या उन्हाळ्यात नेपोलियनचं सैन्य इजिप्तमध्ये उतरलं, तेव्हा त्या फौजेबरोबर तोफांखेरीज दीडशेच्या वर विद्वानही होते. गणिती, रसायनशास्त्रज्ञ, चित्रकार, झाडापानांचे आणि प्राण्यांचे अभ्यासक. ऑगस्टमध्ये कैरोत त्यांची ‘इन्स्टिट्यूट’ उभी राहिली आणि पळून गेलेल्या ममलूक सरदारांचे वाडे या मंडळींना राहायला मिळाले. अल-अजहरचे आलिम आणि त्या काळाचे इतिहासकार अब्दुर्रहमान अल-जबर्ती या वाड्यांत अनेकदा जाऊन आले. फ्रेंच अंमलावर त्यांनी सडकून लिहिलं आहे, पण वाड्यांमधलं ग्रंथालय आणि रसायनांचे प्रयोग यांबद्दल लिहिताना त्यांचा सूर बदलतो. तिथे काय काय पाहिलं याची ते तपशीलवार यादी देतात. त्या यादीत एक चित्रकार आहे. तो एका जागी बसून फक्त मासे रंगवतो, जातवार आणि नावांसकट. पुढे जबर्ती सांगतात, की स्वतःच्या मुलखात न आढळणारा एखादा मासा किंवा प्राणी हाती लागला, तर ही माणसं त्याचं शरीर अशा काही पाण्यात ठेवतात की कितीही दिवस गेले तरी ते सडत नाही, की बदलत नाही.

जबर्तींच्या या भेटी इतिहासाच्या पुस्तकांत येतात त्या ‘पूर्व आणि पश्चिम यांची गाठ’ अशा मोठ्या मथळ्याखाली. मला त्यातले मासे जास्त खुणावतात. कारण बरणीतल्या त्या पाण्यात शिरलेल्या माशांपैकी एक आज मुंबई-पुण्यातल्या फिश टँकच्या दुकानांत मिळतो, आणि दोनशे वर्षांनंतरही तो नेमका कोण, यावर हौशी मंडळींत वाद चालू आहेत.

मोहिमेत प्राण्यांचं काम एतियन जोफ्रुआ सेंतिलेर या सव्वीस वर्षांच्या प्राध्यापकांकडे होतं, आणि माशांची चित्रं आंरी-जोसेफ रदुते काढत. नाईलच्या कोळ्यांनी आणून दिलेल्या माशांत जोफ्रुआंना एक विचित्र जनावर मिळालं. लांब, नळकांड्यासारखं अंग. त्यावर चौकटींसारखे टणक खवले, जणू चिलखत चढवलंय. पाठीवर एकसंध पर असायचा तिथे ओळीने उभी केलेली छोटी छोटी निशाणं. छातीचे पर मांसल बुंध्यावर, लहानशा हातासारखे. पोट फाडलं तर आत हवा ओढणाऱ्या फुप्फुसांसारख्या दोन पिशव्या. हा मासा क्वचितच जाळ्यात येई आणि जोफ्रुआंच्या हाती फार थोडे नमुने लागले. इजिप्तमध्ये जोफ्रुआंना एवढा एकच मासा सापडला असता तरी मोहिमेचे कष्ट भरून निघाले असते, असं त्यांचे सहकारी कुविए म्हणाल्याचं सांगितलं जातं.

मोहिमेचा शेवट पराभवात झाला. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियात फ्रेंचांनी शरणागती पत्करली, तेव्हा इंग्रज सेनापती हचिन्सन यांनी विद्वानांचे सगळे संग्रह मागितले. रोझेटाचा शिलालेख तेव्हाच फ्रेंचांच्या हातून गेला. आमचे नमुने देण्यापेक्षा आम्ही ते जाळून टाकू आणि अलेक्झांड्रियात आणखी एक ग्रंथालय जाळल्याचा डाग तुमच्या नावावर लागेल, असं जोफ्रुआंनी बजावलं. इंग्रजांनी माघार घेतली. बरण्या पॅरिसला पोहोचल्या.

आता नावाची गोष्ट. कोळी या माशाला जे म्हणत तेच जोफ्रुआंनी टिपून घेतलं, ‘बिशीर’. शब्दकोश हा शब्द इजिप्तच्या अरबी बोलीतून आल्याचं सांगतात. कुणी मूळ रूप ‘अबू बिशीर’ देतं, कुणी ‘अबू शीर’. ‘अबू’ म्हणजे बाप, पण अरबीत प्राण्यांनाही अशी कुनियत लावायची जुनी रीत आहे. कोल्ह्याला अबुल हुसैन म्हणतात, म्हणून त्याला हुसैन नावाचा मुलगा असतो असं नाही. वर्गात कुनियत शिकवताना मी हे उदाहरण देतो आणि पोरं खूश होतात. जोफ्रुआंनी ‘बिशीर’ फ्रेंच पद्धतीने लिहिलं. फ्रेंचांना ‘श’ लिहायला जी दोन अक्षरं लागतात, ती इंग्रजी वाचणाऱ्याला ‘च’ वाटतात. त्यामुळे नाईलचा बिशीर इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे येता येता ‘बिचिर’ झाला. दुकानात तुम्ही ‘बिशीर आहे का?’ असं विचारलंत तर दुकानदार नाही म्हणेल. मी मात्र इथे कोळ्यांचाच उच्चार ठेवणार आहे.

१८०२ मध्ये जोफ्रुआंनी या माशाचं वर्णन छापलं, ते फ्रेंच नावाने, ‘पॉलिप्तेर’, म्हणजे बहुपरी. लॅटिन नाव ‘पॉलिप्टेरस बिचिर’ छापलं गेलं १८०३ मध्ये, लासेपेद यांच्या ग्रंथात. वर्गीकरणात लॅटिन नावालाच मान्यता असते. म्हणून जुन्या पुस्तकांत या माशाच्या नावापुढे जोफ्रुआ असले, तरी आजच्या सूचींत लासेपेद असतात. लासेपेद इजिप्तला गेलेच नव्हते. ज्या कोळ्याच्या जाळ्यात तो आला त्याचं नाव तर कोणत्याच सूचीत यायचा प्रश्न नव्हता. त्याचा एक शब्द तेवढा आत शिरला, तोही चुकीच्या उच्चाराने.

पण हा एक शब्द राहिला हेसुद्धा विशेष म्हणायला हवं, कारण पुढच्या शंभर वर्षांत या कुळातले जे मासे सापडले त्यांना ही संधी मिळाली नाही. सेनेगल नदीचा ‘सेनेगलस’ १८२९ मध्ये कुविएंनी नोंदवला. तिथे निदान नदी तरी नावात आली. ‘पाल्मास’ला लायबेरियाच्या केप पाल्मास या भूशिराचं नाव मिळालं. बाकी नावं पाहा. ‘एन्डलिचेरी’ हे व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एन्डलिशर. ‘लाप्रादेई’ म्हणजे सेनेगलचे फ्रेंच गव्हर्नर पिने-लाप्राद. ‘वीक्साय’ म्हणजे काँगो नदीकाठचे बॅप्टिस्ट मिशनरी वीक्स. ‘अन्सॉर्गाय’ म्हणजे हिंदुस्थानात जन्मलेले आणि आफ्रिकाभर नमुने गोळा करत फिरलेले डॉक्टर अन्सॉर्ग. गव्हर्नर, पाद्री, डॉक्टर. एकोणिसाव्या शतकातला आफ्रिकेचा नकाशा कसा भरत गेला, हे या मत्स्यकुळाच्या यादीवरून मुलांना शिकवता येईल. १८९८ पासूनच्या काही वर्षांत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून बुलेंजर यांनी काँगोचे चार बिशीर नोंदवले. ते काँगोकाठच्या कोणत्याही गावातल्या माणसापेक्षा जास्त जाती जाणत असतील. मात्र त्यांनी ओळखलेला मासा बरणीतला होता. पाण्यात रंग उडालेला आणि ताठ.

तरी या संग्रहालयांना एक गोष्ट पक्की समजत होती. बरणीच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिलेलं हवं. कोणती नदी, कोणतं गाव, पकडला कुणी, कधी. चिठ्ठी गळून पडली तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विज्ञानाला या माशाचं वेड लागण्याचं कारण त्याच्या छातीच्या परांत होतं. १८६१ मध्ये हक्स्ली यांनी बिशीरला मांसल पर असलेल्या जुन्या माशांच्या गटात बसवलं आणि पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या जीवांचा हा जवळचा नातलग असावा, असं वाटू लागलं. (१९२८ मध्ये गुडरिच यांनी हे नातं तोडलं. बिशीर हा किरणपरी माशांच्या फांदीवरच बसतो, पण अगदी बुंध्यापाशी.) त्या काळी समज असा होता की प्राण्याचा भूतकाळ त्याच्या गर्भात वाचता येतो. म्हणून बिशीरची अंडी हवीत! कुणीतरी आफ्रिकेत जाऊन ती आणायला हवीत.

कोलंबिया विद्यापीठाचे नेथन हॅरिंग्टन त्यासाठी नाईलवर गेले. पहिल्या फेरीत अंडी मिळाली नाहीत, म्हणून पुन्हा गेले. जुलै १८९९ मध्ये सुदानात अटबाराच्या वाटेवर तापाने त्यांचा मृत्यू झाला. वय तिशीच्या आत. केंब्रिजचे जॉन सॅम्युएल बजेट (आडनाव वाचून हसू येईल, पण गोष्ट हसण्यासारखी नाही) गॅम्बियाला दोनदा गेले, मग युगांडाला गेले. तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतले, दरवेळी मलेरिया घेऊन. चौथ्या खेपेला, १९०३ च्या पावसाळ्यात, नायजरच्या खोऱ्यात त्यांना पिकलेली मादी आणि नर मिळाले आणि सेनेगलसची अंडी फळवता आली. ते इंग्लंडला परतले, चित्रं काढायला बसले आणि जानेवारी १९०४ मध्ये ब्लॅकवॉटर फीव्हरने गेले. वय एकतीस. त्यांनी आणलेल्या गर्भांवरचं काम त्यांचे मित्र ग्रॅहम केर यांनी पुरं केलं आणि १९०७ मध्ये ते ग्रंथरूपाने आलं.

ज्या माशाच्या अंड्यांपायी ही धडपड झाली, तो सेनेगलस आज घरातल्या टाकीतही अंडी घालतो. नर आपला रुंद शेपटीखालचा पर ओंजळीसारखा मादीच्या पोटाशी धरतो, अंडी त्यात पडतात आणि मग तो ती वनस्पतींत विखरून देतो. पिल्लांना कानामागे पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले असतात. ज्याने ते पाहिले त्याला हक्स्लींच्या काळातलं वेड समजू शकतं. २०१४ मध्ये कॅनडात एमिली स्टँडन आणि सहकाऱ्यांनी सेनेगलसची पिल्लं आठ महिने जवळजवळ पाण्याबाहेर वाढवली आणि ती परांवर जास्त नेटकी चालू लागल्याचं दाखवलं. ती पिल्लं बाजारातली होती, त्यासाठी कुणाला आफ्रिकेत मरावं लागलं नाही.

आता बाजाराकडे वळतो. आपल्याकडे दुकानात हा ‘सेनेगल’, ‘ड्रॅगन’ किंवा ‘डायनोसॉर’ म्हणून मिळतो. डायनोसॉर हे नाव अगदीच हवेतलं नाही. इजिप्तच्या बहारिया ओॲसिसमध्ये डायनोसॉरच्या हाडांसोबत बिशीरच्या एका अवाढव्य नातलगाचे खवले सापडलेत. पण टाकीतली जात स्वतः तेवढी जुनी नाही. बहुतेक सेनेगल शेतीतलेच, म्हणजे आग्नेय आशियात पैदा केलेले. पांढराफटक अल्बिनो किंवा आखूड अंगाचा मासा दिसला तर तो शेतीतलाच समजावा. खरा गोंधळ ‘वाइल्ड कॉट’ म्हणजे नदीत पकडलेल्या माशांचा. त्यांचे पैसे जास्त लागतात, आणि तिथेच ओळखीचा प्रश्न येतो.

ओळखायची पहिली पायरी सोपी आहे. माशाला बाजूने पाहा आणि जबडा बघा. खालचा जबडा पुढे आला असेल तर तो बिचिर, लाप्रादेई, एन्डलिचेरी, काँगिकस किंवा अन्सॉर्गाय यांच्यापैकी. ही मोठी होणारी मंडळी, पाऊण मीटरच्या आसपास जाणारी. वरचा जबडा पुढे असेल तर सेनेगलस, डेल्हेझी, ऑर्नाटिपिनिस, वीक्साय, पाल्मास आणि त्यांचे भाऊबंद. पोटाखालच्या परांची जोडीच नसेल आणि अंग सापासारखं असेल, तर तो कुळातला दुसरा वंश, ‘रोप फिश’.

दुसरी पायरी, पाठीवरची निशाणं मोजणं. सेनेगलसला साधारण ८ ते ११, डेल्हेझीला १० ते १३, एन्डलिचेरीला ११ ते १४. खऱ्या नाईलच्या बिचिरला १३ पासून १८ पर्यंत. आकडे एकमेकांवर चढतात हे लक्षात आलंच असेल. बारा निशाणांचा मासा डेल्हेझी की एन्डलिचेरी हे जबड्यावरून ठरतं, पण चौदा निशाणांचा खालच्या जबड्याचा मासा एकट्या आकड्यावर ठरत नाही. तज्ज्ञ पार्श्वरेषेवरचे आणि अंगाभोवतीचे खवले मोजतात. जिवंत, वळवळणाऱ्या माशाचे खवले मोजून बघा म्हणजे कळेल की हौशी लोक रंगावर का भर देतात.

आणि रंग फसवतो. सेनेगलसच्या पिल्लाला अंगभर लांब काळे पट्टे असतात, मोठेपणी तो सरळ राखाडी होतो. पट्टे पाहून ‘दुर्मीळ’ म्हणून घेतलेला मासा वर्षभरात साधा निघतो. ऑर्नाटिपिनिसची पिवळी-काळी नक्षी सहसा चुकत नाही, तो एक दिलासा. पण एन्डलिचेरी आणि काँगिकस समोरासमोर ठेवा. दोघांच्या पाठीवर गडद आडवे पट्टे. एन्डलिचेरीचे रुंद, खोगिरासारखे. काँगिकसचे अरुंद आणि कुशीत खाली उतरणारे. मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत काँगिकस ही एन्डलिचेरीचीच उपजात म्हणून छापलेली असे. आता त्या वेगळ्या जाती आहेत. इथे सगळ्यात खात्रीचं उत्तर माशाच्या अंगावर नसतंच. एन्डलिचेरी नाईल, चाड, नायजर, व्होल्टा या खोऱ्यांतला. काँगिकस काँगोचा आणि टांगानिका सरोवराचा. मासा कोणत्या नदीतला हे कळलं, तर अर्धा वाद संपतो.

पण नेमकं तेच कळत नाही. मासा कोळ्याकडून गावातल्या गोळा करणाऱ्याकडे जातो, तिथून किनशासा किंवा लागोसच्या निर्यातदाराकडे, मग परदेशातला आयातदार, घाऊक व्यापारी आणि शेवटी दुकान. इतक्या हातांतून जाताना ठिकाणाची चिठ्ठी सगळ्यात आधी गळते. उरतं ते निर्यातीचं शहर किंवा बाजाराने ठेवलेलं नाव. इंडोनेशियात तर कोणत्याही बिशीरला सरसकट ‘पाल्मास’ म्हणतात. लायबेरियातल्या भूशिराचं नाव, एका जातीला मिळालेलं, आता जकार्तात सगळ्या कुळाचं आडनाव झालं. तिथल्याच जाहिरातींत ‘एन्डलिचेरी फागीबीन’ असतो. फागीबीन हे मालीतलं सरोवर, १९७० च्या दशकातल्या दुष्काळांपासून बहुतेक काळ कोरडं. त्या नावाने आज विकला जाणारा मासा त्या पाण्यात जन्मला असेल का, याचा अंदाज वाचकांनीच करावा. ठिकाणाचं नाव तिथे पत्ता म्हणून राहिलेलं नाही, ब्रँड झालंय. भरीस भर म्हणजे शेतीत दोन जातींचे संकरही होतात, आणि संकराला कोणत्याच यादीत जागा नाही.

नदीतला आणि शेतीतला हा फरक तरी डोळ्यांनी कळतो का? खूण म्हणावी अशी एकही नाही. नदीतल्या खेपेत लहानमोठे मासे मिसळलेले असतात, परांना चिरा असतात, अंगं सुकलेली असतात. त्यांच्या त्वचेवर एक बारीक चपटा परजीवी हमखास सापडतो, ‘मॅक्रोजायरोडॅक्टिलस पॉलिप्टेरी’. १९५७ मध्ये त्याला हे नाव मिळालं. हौशी माणसं त्याला शिव्या घालत औषध ओततात. मला तो कागदपत्रासारखा वाटतो. दुकानदार काही का सांगेना, हा पाहुणा बरोबर असेल तर मासा नदीतून आला असण्याची शक्यता वाढते. पण टाकीतल्या शेजाऱ्यांकडूनही तो चढतो, तेव्हा हा पुरावाही न्यायालयात टिकणार नाही.

वाद फक्त दुकानातच होतात असं नाही. हौशी मंडळींत वर्षानुवर्षं लाप्रादेई हाच ‘बिचिर’ म्हणून विकला गेला, कारण शास्त्रज्ञही त्याला बिचिरची उपजात मानत. म्हणजे ज्या माशाने या कुळाला नाव दिलं, तो नाईलचा मूळ बिशीर बहुतेकांनी पाहिलाच नव्हता. त्याहून मजेदार गोष्ट काँगोची. ‘रेट्रोपिनिस’ हे नाव १८९९ मध्ये पॅरिसच्या वेयाँ यांनी एका नमुन्याला दिलं. पुढे पुस्तकांत आणि बाजारात त्या नावाने एक लहान बिशीर प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये श्लीवेन आणि शेफर या दोन जर्मनांनी संग्रहालयातला तो मूळ नमुना पुन्हा तपासला, तेव्हा निघालं की तो दुसराच मासा होता. ज्याला सगळे रेट्रोपिनिस म्हणत होते, तो तोवर बिननावाचाच राहिला होता. त्यांनी त्याला ‘मोकेलेमबेम्बे’ म्हटलं. मोकेले-म्बेम्बे हे काँगोच्या दलदलीतलं दंतकथेतलं राक्षसी जनावर, जे आजवर कुणाला सापडलेलं नाही. यातले शेफर मासे आयात करणाऱ्या व्यवसायातले. एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. १०० वर्षं जुनी बरणी उघडून हा घोळ सोडवता आला, कारण तिच्यावरची चिठ्ठी शाबूत होती.

त्यामुळे ज्यांना नदीतला बिशीर घ्यायचाच आहे, त्यांनी जात विचारण्याआधी नदी विचारावी. ‘आफ्रिका’ हे उत्तर नव्हे, ‘नायजेरिया’ हे अर्धं उत्तर. खेपेचे कागद असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवावा. मासा दुसऱ्याला दिला तर तो फोटोही द्यावा. आणि कॅमेरूनच्या क्रॉस नदीच्या वरच्या भागातला ‘ट्यूगेल्साय’ कुणी विकायला आणला तर दोनदा विचारावं. २००४ मध्ये नोंदलेली ही जात त्या एकाच नदीतून माहीत आहे. तिच्या बाबतीत ‘पश्चिम आफ्रिका’ एवढंच लिहिलेली पेटी आली, तर पेटीत दुसराच कुणी असण्याची शक्यता जास्त.